पायाची जखम आणि डावा डोळा

माझा डावा डोळा कसा गेला असं कुणी विचारलं की मी सांगतो, "पायातून गेला." विचारणारा हसतो. म्हातारा चेष्टा करतोय असं काहींना वाटतं. बहुतेकांनी मनाशी आधीच ठरवलेलं असतं, की लहानपणी देवी आल्या असतील, त्यात गेला असेल. नाहीतर मिठागरावरचा माणूस, तेव्हा मिठानं खाल्ला असेल. मिठानं माझं काही खाल्लेलं नाही. मिठागरावरच्या त्या वर्षांइतकी चांगली वर्षं मला नंतर कधी लाभली नाहीत, आणि डोळा गेला तो त्याच वर्षांत, म्हणून ती आठवण काढताना मला फारसं वाईटही वाटत नाही.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी. गोष्ट राणीच्या राज्यातली. रेल्वे कल्याणच्या पुढं घाट चढून गेली होती, पण आमच्या गावात तिचा नुसता आवाज यायचा, तोही वारा तिकडून असला तर. गावाचं सगळं जगणं मिठावर. पावसाळा सरला की बांधांची डागडुजी व्हायची. बांधात पाणी आत-बाहेर सोडायला फळ्यांची वाट असते, तिला आम्ही उघाडी म्हणतो. उघाडीच्या कुजलेल्या फळ्या बदलायच्या, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून तव्यासारखा सपाट करायचा. आठ-दहा माणसं खांद्याला खांदा लावून, एका तालात तुडवत पुढं सरकायची. बायका गाणी म्हणायच्या. चिखल थंडगार असायचा आणि पाठीवर ऊन. पौष लागला की वाफ्यातलं पाणी सकाळच्या वेळी गुलाबी दिसायला लागायचं. मग वडील बांधावर उकिडवे बसून बोटानं पाणी चाटायचे आणि सांगायचे, "अजून चार दिस." चौथ्या दिवशी पाण्यावर पापुद्रा धरलेला असायचा. त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

मी ठाण्याच्या मराठी शाळेत चार बुकं शिकलो होतो. गावात आलेली पत्रं मी वाचायचो, अर्जही मीच लिहायचो. पण काम मिठागरावरचंच. आई लवकर गेली होती. घरात वडील, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि लग्न होऊन दोन वर्षं झालेली माझी बायको.

बायको कल्याणजवळच्या मोहन्याची. तिचं माहेर उल्हास नदीच्या काठावर, गोड्या पाण्यात वाढलेली मुलगी. सासरी पहिल्या दिवशी आमच्या विहिरीचं पाणी तिनं तोंडात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. थुंकावं तर सासर, गिळावं तर मचूळ. शेवटी गिळलं. आत्यानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून टेकडीपलीकडच्या झऱ्याचं एक मडकं तिच्यासाठी वेगळं यायला लागलं. आत्या तोंडानं कडक होती, पण हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

ते वर्ष मी चोविसाव्यात होतो. दिवाळी होऊन गेली होती. उघाडीजवळ गुडघाभर पाण्यात उभा राहून मी जुनी फळी उपटत होतो आणि उजव्या टाचेखाली कालव लागलं. फळीला धरून वाढलेलं कालवाचं शिंपलं वस्तऱ्यासारखं असतं. पाण्यात असताना कळलंसुद्धा नाही. बांधावर चढलो तेव्हा मागं तांबडी पावलं उमटलेली दिसली. आम्हांला असल्या जखमा नवीन नव्हत्या. हळद आणि चुना दाबून चिंधी बांधली आणि पुन्हा पाण्यात उतरलो. दोन दिवस तसंच काम केलं.

तिसऱ्या दिवशी जांघेत अवधाण आलं, गाठ सुजून दुखायला लागली. चवथ्या दिवशी पाय पोटरीपर्यंत तटतटून सुजला आणि दुपारी भर उन्हात मला अशी हुडहुडी भरली की दात वाजायला लागले. घरातली सगळी पांघरुणं अंगावर घातली तरी थंडी जाईना. मग ताप. तापात मी काय काय बडबडलो ते नंतर बायकोनं सांगितलं. म्हणे मी सारखा वडिलांना सांगत होतो, की उघाडी उघडी राहिलीय, कुणीतरी बंद करा.

सहा-सात दिवस असे गेले. पोटरीत गळू धरलं. वडिलांनी न्हाव्याला बोलावलं. त्यानं वस्तरा परजला, दोघांनी मला दाबून धरलं, आणि चीर दिल्याबरोबर वाटीभर पू निघाला. मला एकदम हलकं वाटलं. त्या दिवशी ताप उतरला. आत्यानं पेज केली, ती मी बसून खाल्ली. वडील ओट्यावर जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "सुटला एकदाचा. पयल्या मिठाला उभा ऱ्हाईल."

दोन दिवस घर हसतंखेळतं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी जागा झालो तर डावा डोळा ठणकत होता. समोरच्या भिंतीवर टांगलेलं जाळं मला धुक्यातून पाहिल्यासारखं दिसलं. डोळा चोळला. धुकं गेलं नाही. दुपारपर्यंत डोळा लाल झाला, पापण्या सुजल्या, पाणी गळायला लागलं.

आत्या म्हणाली, "डोले आलंत, दुसरं काय? आठ दिसांत जातील."

डोळे येणं गावाला माहीतच होतं. शेजारची एक लेकुरवाळी शिंपल्यात अंगावरचं दूध देऊन गेली, ते डोळ्यात घातलं. धने भिजवलेल्या पाण्याच्या घड्या ठेवल्या. डोळे आलेल्याकडं पाहिलं की पाहणाऱ्याचेही येतात, म्हणून भेटायला आलेली माणसं दाराशी उभी राहून छपराकडं बघत माझी विचारपूस करायची. त्याचं मला हसू यायचं, आणि हसलं की डोळ्यातून कळ थेट डोक्यात जायची.

एकटी बायको मात्र बघायची. दुसऱ्या दिवशी तिनं मला दारातल्या उजेडात बसवलं, दोन बोटांनी पापण्या उघडल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"आत पांढरं हाय," ती म्हणाली. "बुबुलाच्या खालच्या बाजूला. नखाच्या बुडाशी असतं ना, तसं."

मग तिनं माझा उजवा डोळा हातानं झाकला. "बोटं किती?"

मला बोटं दिसली नाहीत. दाराचा उजेड तेवढा कळत होता. मी अंदाजानं म्हटलं, "तीन."

तिनं डोळ्यावरचा हात काढला तेव्हा मी पाहिलं, तिनं बोटं वर केलीच नव्हती. दुसरा हात मांडीवर होता.

ती तशीच उठून आत गेली आणि आत्याला म्हणाली, "हे डोले आलेलं नाय. डोले आलं असतं तं दोन्ही आलं असतं. आनि मी रोज बघते, माजं कुटं आलं?"

"मंग काय हाय ते?" आत्या म्हणाली.

"ते मला नाय ठावं. पन पायाचा ताप उतरला आनि डोला धरला. पयलं पाय, मंग डोला. ह्यांना ठान्याला न्यायाला पायजे."

आत्याला राग आला. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात माणसं मरायला जातात, असं तेव्हा आमच्याकडं सगळेच समजायचे. पाय कुठं आणि डोळा कुठं, असंही ती म्हणाली. वडील ओट्यावर बसून ऐकत होते. सून मोठ्यानं बोलते आहे याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं, कारण तोवर तिचा आवाज त्यांनी फारसा ऐकलाच नव्हता. त्यांनी चिलीम खाली ठेवली आणि विचारलं, "भरती कंदी हाय?" हे ते आम्हांला विचारत नव्हते. भरतीची वेळ त्यांना घरात सगळ्यांत नीट ठाऊक होती. उठून ते होडी सोडायला गेले.

होडीत मी डोक्यावरून धोतर घेऊन पडलो होतो, कारण उजेड सोसवत नव्हता. वडील वल्हवत होते. बायको माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. चारचौघांत असं बसायची आमच्यात पद्धत नव्हती. वडिलांनी पूर्ण वाटभर आमच्याकडं पाठ ठेवली आणि एकदाही वळून बघितलं नाही. वल्हवणारा माणूस तोंड आमच्याकडं करून बसला तर त्याला सोपं जातं, हे मला नंतर पुष्कळ दिवसांनी सुचलं. त्यांनी उभं राहून, उलट्या तोंडानं एवढं अंतर वल्हवलं.

दवाखान्यातला डॉक्टर आपल्यातलाच, मराठी होता. काळा कोट, डोक्याला पागोटं, बोलणं पुण्याकडचं स्वच्छ. त्यानं माझा डोळा पाहिला, भिंगातून पाहिला, दिवा जवळ आणून पाहिला. मग भिंग खाली ठेवून त्यानं जे विचारलं, त्यानं आम्ही तिघंही चकित झालो.

"अंगावर दुसरीकडे कुठे जखम? गळू? महिन्याभरात काही?"

मी तोंड उघडायच्या आत बायको बोलायला लागली. कालव कधी लागलं, चिंधी कधी बांधली, अवधाण कधी आलं, थंडी कोणत्या दिवशी वाजली, गळू कधी फोडलं, डोळा कधी लाल झाला, सगळं दिवसांच्या ओळीनं सांगितलं. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं माझ्या पायाची चिंधी स्वतः सोडली, पोटरी दाबून पाहिली आणि उभा राहिला.

"बाई, तुम्ही जे सांगितलंत तेच या माणसाचं दुखणं आहे," तो म्हणाला. "डोळ्याला बाहेरून काहीच झालेलं नाही. पायातलं विष रक्तात गेलं, आणि रक्तानं ते डोळ्यात नेऊन ठेवलं. हल्ली विलायतेतले मोठे डॉक्टर म्हणतात, पुवात आपल्याला न दिसणारे बारीक जंतू असतात. ते रक्ताबरोबर फिरतात. क्वचित एखाद्याच्या डोळ्यात जाऊन बसतात. मी आजवर दोनदाच पाहिलंय. दोन्ही बाळंतिणी होत्या."

"म्हंजे उघाडी फुटली की पानी कुटल्या वाफ्यात शिरल ते सांगता येत नाय, तसं?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरला उघाडी म्हणजे काय ते वडिलांनी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "अगदी तसंच."

"त्या बालंतिनी वाचल्या?"

तो म्हणाला, "एक वाचली."

पाच दिवस त्यानं डोळ्यात थेंब घातले, कढत पाण्याचा शेक दिला, कोयनेल पाजलं. पायाची जखम रोज धुतली. त्या धुण्याचा उग्र वास, कार्बोलिकचा, अजून कुठं आला तर मला ते लांबट दालन आणि कौलांमधून येणारी उन्हाची पट्टी दिसते. पण डोळ्याचा ठणका वाढतच गेला. डोळा पुढं आला, पापणी मिटेना. आता उजेडही कळत नव्हता. सहाव्या दिवशी डॉक्टर खाटेशेजारी बसला.

"या डोळ्यानं तुला आता दिसणार नाही. ते माझ्या हातात राहिलेलं नाही. आत सगळा पू भरलाय. चीर देऊन तो काढावा लागेल. डोळा बसेल, पण ठणका जाईल, आणि विष आत मेंदूकडे जायचं थांबेल. गुंगीचं औषध देऊ. तुला कळणार नाही."

मी नाही म्हटलं. डोळ्याला शस्त्र लावू देणार नाही म्हटलं. मला कशाची भीती वाटत होती ते आज नीट सांगता येत नाही. पोटरीला वस्तरा लागला तेव्हा मी एवढा घाबरलो नव्हतो. डोळा म्हणजे मीच, असं काहीतरी वाटत असावं. वडील रोज भरतीबरोबर यायचे आणि ओहोटीबरोबर जायचे. ते त्या वेळी तिथंच होते. त्यांनी माझ्या पायाशी हात ठेवला. "डोला जायाचा तं जाव दे रं पोरा," ते म्हणाले, "तू ऱ्हा." मग ते उठून बाहेर गेले.

बायको खाली जमिनीवर बसली होती. तिनं हळूच विचारलं, "त्यातनं दिसतं का तुमाला काय?"

"नाही."

"मंग कशाला राखताव त्याला?"

एवढं बोलून तिनं पदर तोंडात कोंबला. तीन आठवड्यांत मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच. मी डॉक्टरला हो म्हणून सांगितलं.

गुंगीचं औषध गोडसर वासाचं होतं. शुद्धीवर आलो तेव्हा डोक्याला पट्टी होती आणि ठणका नव्हता. ज्याला असा ठणका लागला नाही त्याला त्या क्षणाचं सुख सांगून कळणार नाही. मी एक डोळा गमावून पडलो होतो, आणि मला असं वाटत होतं की आपल्याला कुणीतरी काहीतरी दिलंय.

त्यानंतरचे पंधरा दिवस दवाखान्यात गेले. खोटं कशाला बोलू, ते दिवस मजेचे होते. आवारात चिंचेखाली तीन दगडांवर बायको भात आणि कोलंबीचं कालवण रांधायची. तिच्या शेजारी शीळ गावची एक म्हातारी आपल्या नवऱ्यासाठी चूल मांडायची. दोघींची इतकी गट्टी जमली, की म्हाताऱ्याला घरी सोडलं तेव्हा त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. डॉक्टर रोज सकाळी माझा उजवा डोळा तपासायचा आणि "छान" म्हणायचा. मला वाचता येतं हे कळल्यावर त्यानं आपलं जुनं वर्तमानपत्र दिलं. एका डोळ्यानं वाचायची सवय कर म्हणाला. मग दुपारी मी मोठ्यानं वाचायचो आणि सगळं दालन ऐकायचं. कुठल्याशा लढाईची बातमी होती. ती लढाई कुठं चालली आहे ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी कोण जिंकणार यावर रोज वाद व्हायचा.

निघताना मी डॉक्टरला विचारलं, न्हाव्याच्या वस्तऱ्यानं तर झालं नाही ना? तो म्हणाला, "न्हाव्याला दोष देऊ नकोस. त्यानं पू काढला नसता तर तू इथवर आलाच नसतास. जखम घेऊन पुन्हा चिखलात उतरलास, ते वाईट झालं." आणि बायकोला म्हणाला, "बाई, तुम्ही आणखी चार दिवस उशीर केला असता तर मी काही करू शकलो नसतो." तिनं खाली बघून मान हलवली. घरी आल्यावर आत्याला यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

एक डोळा गेला की निम्मं दिसतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. दिसतं जवळजवळ सगळं, पण लांब-जवळ कळत नाही. तांब्यातलं पाणी मी भांड्याच्या बाहेर ओतायचो. दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटायचा. बांधावरून चालणं तर पोरखेळ होता माझा, लहानपणापासून त्यावर धावलेलो मी. आता पाऊल टाकताना जमीन जिथं वाटायची तिथं ती नसायची. मुख्य बांधावरून मिठागराकडं जाताना खाडी डाव्या हाताला येते. घरी आल्यावर आठवड्याच्या आत मी खाडीत पडलो. ओहोटी होती म्हणून नुसता कमरेपर्यंत चिखलात रुतलो. काढायला चौघं लागले. कुणी हसलं नाही, याचंच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बायको माझ्या डाव्या बाजूनं चालायला लागली.

आमच्या गावात नवरा पुढं आणि बायको चार पावलं मागं, डोक्यावर पाटी, अशीच चाल होती. आणि ही खाडीच्या अंगानं, माझ्या खांद्याला खांदा लावून चालायची. येताना खाडी उजव्या हाताला असते, तो डोळा माझा शाबूत. म्हणून येताना ती मुकाट्यानं मागं व्हायची. जाताना जोडीनं आणि येताना मागं, असं रोज चाललं. गावात बायकांना बोलायला विषय झाला. विहिरीवर एकीनं तिला विचारलं, "काय गं, मडमेवानी नवऱ्याच्या बरोबरीनं चालतंस?" ती म्हणाली, "उद्यापास्नं तू चाल. तो खाडीत पडला तं तूच काढ." त्यानंतर विहिरीवर कुणी काही बोललं नाही. मला मात्र सुरुवातीला लाज वाटायची. पुढं पुढं बांध लवकर संपतो असं वाटायला लागलं. आम्ही दोघं घरात कधी एवढं बोललो नव्हतो. बांधावर ती मला मोहन्याच्या गोष्टी सांगायची, नदीला पूर आला की म्हशी कशा पोहतात, कल्याणच्या बाजारात बांगड्या भरताना ती लहानपणी कशी हरवली होती. कल्याणचा बाजार तिच्या सांगण्यात इतका मोठा व्हायचा, की मी खराखुरा पाहिला तेव्हा मला तो लहान वाटला.

माघात मीठ धरलं. पहिलं मीठ ओढायचा आमच्यात मान असतो. नारळ फुटतो, आणि घरातला थोरला मुलगा लांब दांडीची लाकडी फळी वाफ्यात घालून पहिली रास काढतो. पाच वर्षं ते मीच करत होतो. त्या सकाळी सगळं गाव बांधावर जमलं होतं. वडिलांनी नारळ फोडला आणि फळी हातात घेतली. तेवढ्यात शेजारच्या मिठागराचा म्हातारा सहज बोलावं तसं बोलला, "एका डोल्याच्या मानसाचा हात पयल्या मिठाला?"

वडील माझ्याकडं बघत उभे राहिले. मग त्यांनी फळी माझ्या चुलतभावाच्या हातात दिली.

मी पुढं झालो आणि चुलतभावाला मदत केली. मीठ पांढरंशुभ्र आलं. लोकांनी आनंद केला. त्या दिवशी मी दुसऱ्यांपेक्षा जास्त पाट्या वाहिल्या, इतकंच आठवतं.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा वडील माझ्याजवळ येऊन बसले. मिठाचा खडा बोटांत फिरवत होते. मग म्हणाले, "माजी हिंमत झाली नाय रं." मी म्हटलं, "जाऊ द्या, बाबा." ते म्हणाले, "नाय. बोलू दे मला. तुजी बायको तुला ठान्याला न्या बोलली तवा तुजी आत्या नको बोलत होती, सगलं गाव दवाखान्याला भीत होतं. ती बोलली. आनि माज्यानं येवढंसं झालं नाय." बापानं मुलाजवळ असं बोललेलं मी तरी आमच्या गावात दुसरं ऐकलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नारळ आणलाच नाही. सूर्य उगवायच्या सुमाराला मला एकट्याला बरोबर नेलं, फळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ओढ." गाव जमलं तोवर पहिली रास बांधावर आली होती.

त्या हंगामाचं पाटीभर मीठ घेऊन आम्ही दोघं डॉक्टरकडं गेलो. त्यानं एक खडा जिभेवर ठेवला आणि आवारात उभ्या उभ्या माझं चालणं पाहिलं. "पाटी कुणी उचलून आणली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, मी. तो खूश झाला. वर्षभरात त्याची बदली झाली आणि मग कधी भेट झाली नाही.

बायकोनं तेव्हापासून एक नेम धरला. घरात कुणाला खरचटलं, काटा लागला, माशाचा खवला रुतला, तरी आधी उकळून निववलेल्या पाण्यानं धुवायचं आणि जखम वाळेपर्यंत चिखलात पाय घालू द्यायचा नाही. पोरं वैतागायची. आत्याही वैतागायची, पण आपला पाय मात्र मुकाट्यानं तिच्यापुढं धरायची. आज वडील नाहीत, आत्या नाही, बायकोही तीन वर्षांमागं गेली. मिठागर चुलतभावाच्या मुलांकडं आहे.

पण एवढ्या सगळ्यात मला वारंवार आठवतो तो डोळा गेला त्या हंगामातला वैशाख. हंगाम उतरणीला लागला होता. त्यानंतर मी बायकोबरोबर पहिल्यांदाच सासुरवाडीला निघालो होतो. ठाण्याहून गाडीनं कल्याणला उतरलो आणि तिथून पायी मोहन्याला. वाटेत माझ्या मनात एकच, की सासरे काय म्हणतील. मुलगी दिली तेव्हा जावयाला दोन डोळे होते.

सासरे नदीच्या पात्रात होते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वाळूत ते कलिंगडं आणि काकड्या लावायचे. आम्हांला पाहून ते वेलांतून उठून आले, माझ्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं, आणि म्हणाले, "उन्हाचं आलंव. बसा." बस, डोळ्याविषयी एक शब्द नाही. मांडवाच्या सावलीत बसवलं, नदीचं पाणी दिलं. मी घोट घेतला आणि मला प्रथमच कळलं, की ही मुलगी कसलं पाणी सोडून आमच्याकडं आली होती. मग त्यांनी एक मोठं कलिंगड आणून माझ्यापुढं ठेवलं आणि कोयता दिला. "मान तुमचा, जावईबापू. फोडा."

मी ऐट करून कोयता उचलला आणि घातला. कोयता कलिंगडाच्या वीतभर अलीकडं वाळूत रुतला.

मी कोयता उपसला, नेम धरला, पुन्हा घातला. या खेपेला तो पलीकडं गेला, आणि कलिंगड मुठीच्या धक्क्यानं गडगडत उतारावरून नदीकडं निघालं. सासरे त्याच्यामागं धावले. साठीचा माणूस, धोतर सावरत, "अरं थांब, अरं थांब" करत कलिंगडामागं धावतोय, आणि कलिंगड शेवटी पाण्यात जाऊन डुलायला लागलं. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून मागं वळले आणि म्हणाले, "जावईबापू, ह्याला तुमचं भ्याव वाटलं."

मी हसायला लागलो. डोळा गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो. बायको तर वाळूत फतकल मारून बसली आणि पोट धरून हसत राहिली, डोक्यावरचा पदर कुठं गेला याचं तिला भान नव्हतं. सासऱ्यांनी कलिंगड बगलेत मारून आणलं, गुडघ्यावर आपटून फोडलं, आणि आम्ही तिघांनी ते तिथंच, हातांनी उकरून, हनुवटीवरून रस गळत असताना खाल्लं. नदीचं पाणी लागून ते थंड झालं होतं.